दुसरी घंटा

बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट.
मी सतरा वर्षांची, टपाल कचेरीत टेलिफोनच्या फळ्यापाशी.
ल्युटेनरोड हे नाव रेडिओवर पहिल्यांदाच येत होतं :
वस्ती सहा हजार, एक साखर कारखाना.
आणि समोर एकटी, दूरच्या स्टुडिओतून बोलणारी
रोझविता प्रॉस्के. धंदा : शिवणकाम.
खेळ साधा. तिने विचारायचं, गावाने शोधायचं,
तासाभरात, सगळ्यांनी मिळून.
चुकलं की नाक कापलं जाणार ते अख्ख्या देशासमोर.

पहिला प्रश्न : तेवीस सालची सर्वांत जास्त शून्यांची नोट आणा,
आणि तिच्यात काय यायचं ते सांगा.
बेकरीवाल्या लुडेकेने संडासाला नोटाच चिकटवल्या होत्या,
त्याने दारच बिजागरीतून उचकटून चौकात आणलं.
बारा शून्यं. 'सकाळी पाच पाव,' त्याची आई ओरडली,
'संध्याकाळी चार.'
गाव इतकं हसलं की
माझ्या कानातलं यंत्र खरखरलं.

दुसरा प्रश्न मला आठवत नाही.
नगराध्यक्षांच्या पायात दोन वेगळे जोडे होते, ते आठवतं.

मग ती म्हणाली,
'तुमच्या बुरुजातली दुसरी घंटा कुणाची?'

कुणाची म्हणजे? आमची!
चौकातून एकच आवाज उठला.
लढाईत आमची वितळवायला नेली, लढाईनंतर परत आली,
हिच्यावरच तर आमची लग्नं लागली, हिच्यावरच माणसं पोचवली.
फक्त घंटा वाजवणारा म्हातारा ऑटफ्रीड
टोपी हातात घेऊन गप्प उभा राहिला.
'पांढऱ्या रंगात एक आकडा आहे तिच्यावर,' तो म्हणाला,
'मी कारखान्याचा समजत होतो.'

एकोणीस मिनिटं उरली होती.
बॅटऱ्या, कंदील, फरशी घासायचा ब्रश,
शाळामास्तर पुढे, मागे पोरं, पोरांमागे त्यांच्या आया.
कबुतरांची विष्ठा सतरा वर्षांची, माझ्याच वयाची.
खाली रांगेतून एकेक अक्षर उतरत आलं,
तोंडातून तोंडात, पायरीवरून पायरीवर,
आणि शेवटी माझ्या फळ्यापर्यंत :
व्. ए. ल्. का. ऊ.
त्याखाली साल, त्याखाली कुणा शेतकरी बायकांची नावं,
ज्यांनी अंडी विकून पैसे जमवले होते.

वेल्काऊ. मास्तरने नकाशा धुंडाळला.
नकाशावर आता त्या गावाला दुसरं नाव होतं, दुसऱ्या भाषेत,
आणि तिथून निघालेली माणसं
हातगाड्या ओढत आमच्याकडे आली होती.
आम्ही त्यांना कारखान्यामागच्या बराकी दिल्या होत्या,
आणि फार दिवस आमच्या विहिरीचं पाणी नाही.

मी तार जोडली. नगराध्यक्षांनी उत्तर सांगितलं.
निवेदक म्हणाला, 'बरोबर आहे का, बाई?'

रेडिओला सगळं चालतं, शांतता चालत नाही.
मी सेकंद मोजले : चौदा.

'बरोबर,' ती म्हणाली. 'मी हरले.
आता एकदा वाजवून दाखवा.'

नियमात नव्हतं. वेळ संपली होती, बातम्या खोळंबल्या होत्या.
ऑटफ्रीडने विचारलंच नाही कुणाला.
मी खिडकी उघडली, बोलण्याचं यंत्र तार पुरेल तितकं बाहेर धरलं,
माझा हात दुखून आला.

पुढे तो कार्यक्रम काही वर्षं चालला, आणखी गावं धावली,
मग घराघरात पडदा आला
आणि उत्तरं माहीत असूनही कुणी चौकात येईना.
त्या रात्रीची फीत, मी नंतर विचारलं,
फिती महाग म्हणून पुसली होती.
तिच्यावर आता डुकरांचे बाजारभाव आहेत.

रोझविता प्रॉस्के कधीच आली नाही.
नाताळच्या आधी चर्चच्या पत्त्यावर एक पार्सल आलं :
फरशी घासायचा नवा ब्रश. चिठ्ठी नाही.
ऑटफ्रीडने तो वापरला नाही,
खुंटीला टांगून ठेवला, घंटेच्या दोराशेजारी.