उरलेले सूर

सोमवारी टिपुगडेंचं सलून बंद असतं,
म्हणजे कात्री बंद. शटर अर्धं वर.
वाकून आत शिरायचं. अकराजण, तीन खुर्च्या,
समोरासमोर आरसे,
त्यामुळं एकूण किती, ते मोजायला गेलं तर संपत नाही.

एस्तेरबाई ब्रह्मपुरीहून मोपेडवर येतात.
चर्चची पेटी चाळीस वर्षं वाजवलेली बोटं,
पण इथं पेटी नाही. तबला नाही. टाळसुद्धा नाही.
पर्समधून एक चपटी गोल शिट्टी निघते,
तिच्यातून एक सूर,
आणि तिथून चार रस्ते फुटतात.

गाणं शीतल चौगुलेकडं.
(शीतल पुरुष आहे. बी-बियाणांचं दुकान.)
वरचा पदर मुबारक बागवानचा.
दिवसभर केळीच्या गाड्यावर ओरडून
सांजच्याला एवढा बारीक धागा कुठनं काढतो, त्यालाच ठाऊक.
खाली हिंदुराव, तालमीत मोडलेले कान,
तो सूर लावत नाही, सुरावर बसतो.

आणि या सगळ्यांनी घेऊन जे उरतं, ते माझं.
बाजार उठताना भाजीवाली
पाटी पालथी करून देते, तसं:
एक गंधार, दोन कोमल निषाद,
मग बराच वेळ एकाच पायरीवर उभं राहणं.
घरी सराव केला तर अंजना स्वयंपाकघरातून विचारते,
हे गाणं आहे, का तुम्ही काही शोधताय?

शिरोलीला लेथवर माझी एकतीस वर्षं गेली.
हत्यार बोथट झालं की डोळ्याआधी कानाला कळतं.
एस्तेरबाई म्हणतात, कान चांगलाय हो तुमचा,
तेवढं गळ्याला कळवा.

एका सोमवारी, कितव्या ते आठवत नाही,
शेवटच्या ओळीवर आम्ही थांबलो
आणि थांबूनच राहिलो.
काचेच्या भांड्यातले कंगवे किणकिणले.
वर, पंख्याच्या आसपास, आणखी एक आवाज होता.
मी मुबारककडं पाहिलं, मुबारकनं माझ्याकडं.
कोणीच तो गात नव्हतं.

टिपुगडेंचे थोरले काका दाराशी पेपर वाचत बसलेले.
तरुणपणी गाण्याच्या क्लासात तंबोरे जुळवायचे.
पेपर खाली न घेता म्हणाले,
"तंबोरा खरा लागला की न छेडलेला गंधार बोलतोय.
स्वयंभू म्हणत्यात त्याला.
तुमच्यात कसा आला, द्येवाला ठावं."

मग कार्यक्रम. उद्यमनगरच्या कारखानदारांचा मेळावा,
उत्कृष्ट फाउंड्रीचं बक्षीस आणि जेवण यांच्या मधे.
निवेदक म्हणाला, आता सलून भजनी मंडळ.
पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं, वादक कधी येणार?
माइक एकच. तो शीतलसमोर.
चारशे माणसांनी फक्त शीतल ऐकला,
आम्ही मागं, इस्त्रीचे शर्ट घालून, तोंडं हलवणारे दहाजण.
दुसऱ्या कडव्यालाच तांबड्या रश्श्याचा वास आला
आणि खुर्च्या सरकू लागल्या.

कोण काही बोललं नाही.
जेवलो. हिंदुराव दोनदा.

दहाच्या सुमाराला गंगावेशीत दूध कट्ट्यावर,
शेवटची एक म्हैस, पेले फेसाळ, कोमट.
शीतलनं मिशी पुसली आणि पुसता पुसता
सहज गुणगुणला, माफी मागितल्यासारखा.
आम्ही खाली, वर, मधे, आपापल्या जागी गेलो.
आला.
बंद दुकानांच्या पत्र्याखाली, विजेच्या तारांच्या जरा खाली,
म्हशीनं कान वळवला.
गवळ्याचा हात कासेवर तसाच राहिला.

"परत म्हणा की, पावणं."

परत म्हटलं. नाही आला.
तिसऱ्यांदा तर मुबारकचा आवाजच फाटला.
गवळी हसला, पुन्हा धार काढू लागला,
बादलीत दुधाचा एकसारखा सूर, बऱ्यापैकी स्थिर.
हिंदुरावनं पेला ठेवला
आणि त्याच्याखाली हळूच आपला षड्ज सरकवला.
शीतल आलाच.
मी उरलेलं शोधू लागलो.