वाळूतून वर येताना

हिरा गिरपने चाळण हलवली,
उरलं ते माझ्या ओंजळीत ओतलं:
“घे गो, तुझे तांदूळ.”
तपकिरी, टणक, निळ्या माशीचे कोष.
वर बांबूच्या मांडवावर तिचे खारे बांगडे.
तिचं नुकसान, माझा प्रबंध.

वेंगुर्ले बंदरामागे माझी भाड्याची खोली.
काचेच्या नळीत कोष, वर बोटभर वाळू.
पहाटे साडेचारला पहिली निघाली,
कपाळाचा फुगा फुगवत, आवळत,
कण कण बाजूला सारत.
अंग राखाडी, मऊ,
पंख खिशात विसरलेल्या पावतीसारखे.

वाळू अंगाला लागतेय तोवर कडक व्हायचं नाही.
आतच कडक झाली तर आतच राहिली.
हे तिला कुठलं ठाऊक!
ठाऊक असतं मज्जेच्या गाठीतल्या मूठभर पेशींना.
त्या बर्सिकॉन धरून बसतात,
माप न भरता कोणी पैसे धरावेत तशा.

मग मोकळी हवा.
ती हवा गिळते, पोट फुगवते, पंख ताणते
आणि रेणू रक्तात सुटतो.
चहा दोनदा होईपर्यंत
राखाडीवर निळं चढू लागतं,
स्टोव्हच्या ज्योतीचं निळं.

एकीच्या मानेला मी रेशमाचा दोरा आवळला,
बाहेर आल्या आल्या.
डोक्याने काय सांगायचं ते सांगितलं असेल.
खाली पोचलं नाही.
दुपारपर्यंत फिकटच, पाय हलवत.

हिरा डबा परत न्यायला आली.
“ह्या काय केलंस गो?”
निरोप अडवला, म्हटलं.
ती वाकून बघत राहिली.
“कुर्ली कवटी टाकता तेवा अशीच.
बिळात बसता. कोणाक दिसत नाय.”
मी वहीत लिहिलेलं वाक्य खोडलं.
कुर्लीतही ह्याच घराण्यातले रेणू असतात;
मला ते शोधायला चार वर्षं लागली.

सुईच्या टोकावर दुसरीचं थेंबभर रक्त,
दोऱ्याखाली टोचलं.
आम्ही दोघी काही न बोलता थांबलो.
पाठीवर आधी धूर, मग शाई.

“ह्या निरोपाक अडवूचा औषध नाय?
माजे बांगडे तरी वाचतले.”
अजून नाही, म्हटलं.
“मग जाळी घेऊन ये. ऊन उतारला.”

त्या पेशी, काम झालं की,
दिवसा-दोन दिवसांत मरतात.
हे तिला सांगायचं राहिलं.
आम्ही मांडवावर जाळी ओढत होतो,
तिचं टोक वाऱ्यात माझ्या हातून सुटलं.