शाईचा पाय

उमिओत जानेवारीत उजाडायला नऊ वाजतात.
तोवर माझ्या बोटांना शाई लागलेली असते.
उंदराची मागची पावलं निळ्या स्पंजावर टेकवायची,
मग त्याला अरुंद लाकडी बोळात सोडायचं.
तळाला कागदाची पट्टी, टोकाला काळी पेटी.
अंधाराच्या ओढीनं तो चालत जातो.

डावं पाऊल नीट उमटतं,
बोटं फाकलेली, मुठीतून काही सांडल्यासारखी.
उजवं लांबट, टाचेपासून ओढलेलं,
बोटं एकमेकांना चिकटून.
त्याच मांडीत हेडेनस्ट्रम बाईंनी
सेंटिमीटरभर नस काढून
पोकळ नळी शिवली आहे.
धागा इतका बारीक
की हातून पडला तर शोधत बसायचं नसतं.

रोज एक मिलिमीटर.
नस त्या चालीनं वाढते म्हणतात.
मी फुटपट्टी घेऊन कागद मोजते.

माझा भाऊ ओस्टेन लाकडाच्या गिरणीत होता.
ऑगस्टात मनगटात पातं शिरलं.
आता तो शर्टाची बटणं डोळ्यांनी लावतो.
शेगडीच्या दाराला हात टेकला
तर त्याला वासावरून कळतं.

रविवारी विचारतो, "काय म्हणतात तुझे उंदीर?"
बरे होतात, मी म्हणते.
"सगळे?"
सगळेच, आणि तीच तर अडचण.
नळी रेशमाची असो, कोळ्याच्या धाग्याची असो,
नुसती रिकामी असो,
उंदीर आपला बरा होतो.
माणसाची नस वाटेत दमते,
उंदराला वाटच केवढी!
बाई आता मेंढ्या आणायचं म्हणतात.
मेंढीचा पाय लांब.

पुढचं तो विचारत नाही.

नवव्या आठवड्यात सत्तावीस नंबरची बोटं फाकली.
मी कागद दिव्याखाली धरला.
तीन बोटं. नाही, चार.
काही काम नसताना
कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन परत आले.

भिंतीवरच्या तक्त्यात सत्तावीसपुढे शुक्रवार होता.
जुळलेली नस आडवी कापून, रंगवून
तिच्यातले तंतू मोजायचे असतात,
आणि चालत्या उंदरात ते मोजता येत नाहीत.

गुरुवारी त्याला आणखी एकदा चालवला.
गरज नव्हती.
ती पट्टी फाईलला लावली नाही.

या रविवारी ओस्टेनचा हात मांडीवर घेतला,
व्रणापासून खाली बोटानं हळूहळू ठोकत गेले.
मनगट. काही नाही.
तळव्याचा खळगा. काही नाही.
अंगठ्याच्या उंचवट्याशी तो ताठ बसला.
"मुंग्या आल्या."
बाहेर उणे एकवीस,
वारुळं सगळी मीटरभर बर्फाखाली.
"खरंच?"
"अगं मुंग्या! ठोक परत."

मी परत ठोकलं.
मग खिशातलं पेन काढून तिथे ठिपका दिला,
खाली तारीख घातली,
आणि शाई वाळेपर्यंत
त्याचा हात सोडला नाही.