धुराचं माप

हातखंब्याच्या तिठ्यावर, पंपाच्या कडेला,
जुन्या व्हॅनमध्ये माझं ऑफिस :
एक संगणक, एक नळी, एक पंखा,
काचेवर पिवळ्या अक्षरांत 'धूर तपासणी'.

मुनाफ मजगावकरचा टेम्पो आला,
मिरकरवाड्याची सुरमई, वर बर्फाचा चुरा,
मागे ठिबकत आलेली ओली रेघ.
पहाटे चारला कोल्हापूर. मध्ये आंबा घाट.

नळी आत सरकवली. म्हटलं, "दाब."
त्यानं दाबला. सगळा तिठा खोकला.
आकडा चढत गेला आणि थांबला
दोन पूर्णांक एकवर.
कायद्याला हवा एक पूर्णांक बासष्ट.

"सायलेन्सरच्या पोटातलं जाळं कुठाय?"
"काढलं. श्वास कोंडत होता गाडीचा.
आता लिटरमागे दीड किलोमीटर जास्त देते,
साखरप्यापुढे चढावर रडत नाही.
ताई, बर्फ वितळतो, कायदा नाय वितळत.
नळी जरा वीतभर बाहेर धर."

दीड किलोमीटरचे महिन्याला किती होतात
ते मी मनात करून पाहिलं.
माझ्या व्हॅनच्या हप्त्याएवढे.

गेल्या दसऱ्याला भावासोबत शोरूममध्ये गेले होते.
त्यानं पहिलं विचारलं, "देते किती?"
मग रंग. मग मागे तिघं बसतील का.
सेल्समननं छापील आकडा सांगितला,
मग आवाज खाली करून खरा.
मागून काय सोडते, हे भावानं विचारलं नाही.
मीही नाही. आणि मी तर
धुरावरच पोट भरते.

रस्त्यापलीकडे अनशाबाई गोताड
फणसपोळ्या वाळत घालते.
संध्याकाळी ओल्या फडक्यानं एकेक पुसते,
फडकं पिळते गटाराच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून.
त्या पाण्याला आकडा नाही.

नळी मी हलवली नाही.
मुनाफ रागावलाही नाही. "बरं," म्हणाला,
आणि ओली रेघ पालीच्या दिशेनं पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी रिकामा परतताना थांबला.
पालीचा कागद दाखवला : एक पूर्णांक साठ.
"तिथली नळी आखूड आहे," म्हणाला, हसला,
आणि कोल्हापूरचा गूळ ठेवला माझ्या टेबलावर,
कागदात बांधलेला, अर्धा किलो.

घेतला मी.
अर्धा अनशाबाईला नेऊन दिला.
तिनं तो
आधी पदरानं पुसला.