तिजोरीची खोली

आमचं ग्रंथालय आधी बँक होतं.
बँक बुडाली, इमारत तरली;
नेब्रास्काच्या या वाळूटेकड्यांत
दगडी इमारत पाडायलाही पैसे लागतात.

मागे तिजोरीची खोली. वीतभर जाड लोखंडी दार.
आत आम्ही ठेवायचो नाताळचं खोटं झाड,
एकसष्ट सालचे विश्वकोश
आणि एक मोडकी खुर्ची; तिच्यावर कुणी बसू नये म्हणून
दुसरी मोडकी खुर्ची.

अनुदानाचं पत्र आलं तेव्हा
समितीत माणसं पाच, मतं सहा.
ऑर्विल झेलेनी म्हणाला, अर्डिथ,
पुस्तकं न्यायला येत नाही कुणी,
ते काय करवत मागायला येणार?
मी म्हणाले, करवत मागायला
तूच तर येत होतास माझ्या नवऱ्याकडे, वीस वर्षं.
एक अजून परत यायची आहे.
तीन विरुद्ध दोन. ठराव संमत.

विश्वकोश हलवले. सातव्या खंडात निघाली
कुणाची तरी पावती: गुरांचं मीठ, दोन पोती.
मग आली शिवणयंत्रं, छोटा लेथ,
आणि प्लास्टिक वितळवून थरावर थर रचत
वस्तू छापणारा तो डबा.

पहिला आठवडाभर त्यानं शेवया केल्या.
नुसत्या शेवया. पिवळ्या.
माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्यानं.
एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे मी,
आणि पुस्तकानं मला काही म्हणून सांगितलं नाही.

मग आला लॅडी हुबाचेक.
पवनचक्क्या दुरुस्त करत टेकड्या पालथ्या घातलेला,
ऐकू कमी येतं, बोटं साडेआठ.
त्यानं डब्यावर हात ठेवला
नव्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
म्हणाला, याला थंडी वाजतेय.

खरंच होतं ते. तिजोरीला हीटर कोण लावतो?
पुठ्ठ्याचं खोकं उभं केलं भोवती,
वरून त्याच्या कुत्र्याची गोधडी.
दुपारी तीनला पहिली वस्तू निघाली:
एक शिट्टी, जरा वाकडी.
लॅडीनं वाजवून बघितली. त्याला ऐकू आली नाही,
म्हणून जोरात वाजवली.
'शांतता राखा' या पाटीखाली उभी राहून
मी खिडकीबाहेर बघत होते.

मग लोक यायला लागले, बूट न पुसता.
कंपनीनं कधीच बंद केलेलं ट्रॅक्टरचं बटण.
चर्चच्या पेटीची एक पट्टी.
एकानं तर नुसतं बसायचं म्हणून विचारलं;
घरी फार शांत असतं, म्हणाला.

मार्चमध्ये ऑर्विल आला.
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
दात घासलेले, पात्याला तेल.
तो काही बोलला नाही, मीही नाही.
नवरा जाऊन सहा वर्षं झाली माझा.
करवत भिंतीला टांगली, नोंदवहीत लिहिलं:
करवत, एक. उशिरा परत. दंड माफ.

त्याच आठवड्यात माझा तारखेचा शिक्का मोडला.
लाकडी मूठ, माझ्याही आधीची,
मधोमध चिरली.
यारेली तेव्हा माझ्या टेबलाशीच होती.
बाप गुरांच्या छावणीवर, सातशिवाय न्यायला येत नाही;
तोवर ही सगळ्याला हात लावून बघते.
म्हणाली, द्या इकडे.
दोन दिवस मोजत होती, पुसत होती,
पुन्हा छापत होती. चार मुठी फेकल्या.
पाचवी घेऊन आली, हिरवी.

शिक्का उठतो. चांगला उठतो.
पण मूठ माझ्या हाताला लहान पडते.
मी विचारलं, माप कुणाचं घेतलंस गं?
तिनं आपला तळवा उघडून दाखवला,
शाईनं माखलेला,
मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखा चेहरा करून.

सध्या दोन बोटांत धरते.
तारीख जरा तिरकी येते.