घडी मोडण्याआधी

गेनोवाइतेबाईंच्या दुकानाला पाटी नाही.
खिडकीत एक राखाडी झगा,
आणि नेमुनास नदीवरचं धुकं काचेवर बसलं
की तोही नाही.
मला बोलावलं ते यासाठीच :
"काउनासबाहेर दिसेल असं काहीतरी कर,
पण मला ओरडायला लावू नकोस."

मी लॅपटॉप उघडला, त्यांनी कापडाचं ठाण.
"हात लाव."
लावला. जवसाच्या देठातून निघालेलं सूत,
आधी खरखरीत, मग थंड, मग आपलंच.
"हे दाखव," म्हणाल्या,
आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी केलं ते, जे सगळे करतात.
मोकळी पांढरी जागा, मुंगीएवढी अक्षरं,
विल्नियसहून आणलेली उंच, उपाशी मुलगी,
अंगावर कडक इस्त्रीचा झगा
पाठीमागे सहा चिमट्यांनी आवळलेला.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"ही पाठ का दाखवत नाही?"
मी गप्प.
"आणि लिननला एकही चुणी नाही म्हणजे
एक तर कापड खोटं,
नाहीतर ही मुलगी जन्मात कधी बसलेली नाही."
तरी माझ्या हट्टापायी चालू केलं तसंच.

त्या वसंतात अकरा झगे गेले, सात परत आले.
क्लायपेदाच्या एका बाईची चिठ्ठी खोक्यात :
"पडद्यावर शेवाळ होतं.
उघडलं तर वाटाणा."

मग पोस्टातल्या एल्विराबाई आल्या, वय अठ्ठावन्न,
काउंटरमागे आठ तास बसून, तोच झगा घालून.
उत्तरेच्या खिडकीशी उभं केलं त्यांना,
दुपारी तीन, ढगाळ, दिवा न लावता.
मांडीवरच्या चुण्या तशाच,
कोपरापाशी पोक आलेलं, तेही.
पाठ आधी टिपली.
एस, एम, एल काढून टाकलं,
ती अक्षरं आहेत, कुणाची अंगं नव्हेत.
लिहिलं : एल्विरा, उंची एकशे बासष्ट,
घातलाय चव्वेचाळीस, कमरेत सैल, दंडात नेमका.
समुद्रकाठचा व्हिडिओही काढला, माझा लाडका.
खेड्यातल्या फोनवर पान उघडायला चार सेकंद लागत,
आणि माणूस तिसऱ्यालाच जातो.
दुकानातून जाताना निदान दाराची घंटा वाजते.

भांडण एकाच ओळीवरून झालं :
पहिल्या धुण्यात दोन बोटं आटतो.
मी म्हणाले, तळाला घालू, फिक्या अक्षरांत,
परतीच्या नियमांखाली.
त्या म्हणाल्या, किमतीच्या शेजारी, किमतीएवढं.
आमचं सूत जुळेना. चहा निवला, दुसरा निवला.
"गिऱ्हाईक पळेल, बाई."
"आटल्यावर कळलं तर जास्त लांब पळेल."
मी हरले.

रात्री नोंदी पाहिल्या :
लोक जिथे रेंगाळतात तिथे पान लाल होतं.
किमतीपाशी नाही,
मी दोन दिवस गोलाई घासलेल्या बटणापाशी तर नाहीच.
त्या दोन बोटांपाशी.
विक्री काही फार वाढली नाही, खोटं का सांगू.
परत मात्र एकच आला,
तोही नवरा चुकून दोनदा दाबून बसला म्हणून.

नंतर एकीनं पत्त्याच्या रकान्यात,
घरक्रमांकापुढे, लिहून पाठवलं :
माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे.
तिला दुसरीकडे जागाच नव्हती लिहायला.
बाईंनी तोंडात टाचण्या धरल्या,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
डावी शिवण उसवली.

सकाळी मी पानावर एक रिकामी चौकट टाकली.
ना तारांकित, ना सक्तीची.
वर एवढंच : अंगाबद्दल काही सांगायचंय?

बहुतेक जणी ती रिकामीच सोडतात.
काल एक ओळ आली :
बाह्या थोड्या लांब ठेवा,
मला बोलताना हात लपवायची सवय आहे.
नाव नुसतं अद्याक्षर. शहर माहीत नसलेलं.

गेनोवाइतेबाईंनी खडूनं रेघ मारली,
मग पुसून
आणखी बोटभर खाली मारली.