सातचा दांडा

पाणी कोमट हवं, रोझालिए.
गरम नको, चहा नाही करायचाय आपल्याला.
ती बशी घे, निळ्या कांद्याच्या नक्षीची, टवका उडालेली.
आजी ओरडणार नाही,
कॉयरच्या तालमीला गेलीय.

आता तो आकडा काप, अगदी लगतून.
पारदर्शक पापुद्रा कडेला उरला
की विमानावर चंदेरी डाग दिसतो,
गोगलगाय चालून गेल्यासारखा.
चिमट्यानं धर. बुडव. वीस मोज.
बाहेर काढ आणि थांब.
ओढू नकोस.
कागद स्वतःहून सोडतो.
त्याआधी ओढलं की फाटतं,
मग चार-शून्य-एक-सातमधला एक
शोधत बसू टेबलाखाली.

माझ्या हाताकडे बघू नकोस.
थरथरतो तो, दोन वर्षं झाली,
बटण लावताना जास्त, बिअर धरताना कमी.
म्हणून तर तुला बोलावलं.
डोकं माझं, बोटं तुझी.

हां, आता घसरव. खालचा कागद काढून घे,
कॅटमधलं तळाचं पान काढावं तसा.
ब्रशनं ढकल जोडरेषेपर्यंत.
थोडं डावीकडे. तुझं डावं.
आता दुसऱ्या बाटलीतला, व्हिनेगरच्या वासाचा,
एकच थेंब.

बघ कसा आक्रसला! सुरकुत्या, फोड,
सगळं बिघडलं असं वाटतं ना?
हात मागे.
मागे म्हटलं ना.
खिडकीबाहेर बघ, पार्डुबित्सेची बस आली का ते.

आली? भरलेली होती?
आता इकडे बघ. बसला पत्र्यात.
रिव्हेट न् रिव्हेट खालून वर आली.
कोणी म्हणेल, रंगवलाय.

रंगवलेलाच होता. मीच रंगवला होता खरा,
याच्या अठ्ठेचाळीस पट मोठा,
जानेवारीत, उणे चौदात,
हँगरचं दार गोठून अर्ध्यातच अडलेलं.
डावी बाजू स्टेन्सिलनं झाली.
उजवीकडे येईतो स्टेन्सिल फाटली,
तेव्हा हातानंच काढला,
आणि सातला मध्ये आडवा दांडा दिला,
शाळेत बाईंनी गिरवून घेतला होता तसा,
काही विचार न करता.
नियमात दांडा नव्हता.
मेजर शिमूनेक आले. आकड्याकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.
"उतरल्यावर पूस."
उतरल्यावर कोणालाच आठवलं नाही.
नऊ वर्षं ते विमान
एका बाजूनं नियमाचं होतं,
एका बाजूनं माझं.

मग कापलं, किलोवर विकलं.
पातेली झाली असतील त्याची.
या डब्यावाल्यांना मिळाला तो फोटो डाव्या बाजूचा.
त्यांची काय चूक.

दे तो बारीक ब्रश.

"नाही," ती म्हणाली,
"माहितीपत्रकात दांडा नाहीये. परीक्षक गुण कापतील.
आणि आजोबा, तुझा हात."
मी ब्रश खाली ठेवला.

जेवल्यावर डुलकी लागली.
उठलो तर ती गेलेली,
बशीतलं पाणी ओतून, ब्रश धुऊन,
केसांचं टोक ओठांनी जुळवून
(हे मी शिकवलेलं नाही).
विमान वर्तमानपत्रावर,
उजवी बाजू दिव्याकडे.
सातला दांडा.
जरा खाली उतरलेला, एकीकडे जाड,
आणि लाल.
आकडा काळा आहे.
काळ्या बाटलीचं झाकण तिला उघडलं नसणार.

माझा दांडा सरळ होता.
भिंग लावून बराच वेळ बघत बसलो.
शेजारी माझ्या चष्म्याची डबी,
तिच्यावर उरलेलं एक डेकल डकवलेलं,
उवेएवढी अक्षरं, मला न वाचताही येणारी,
पंखावर मी कितीदा मारलेली:
इथे पाय ठेवू नये.